नवी व्हॅन की जुनी? लागण आणि खोडव्याचा हिशेब



बेणे, खते, पाणी आणि तोडणी हे या पानाचे नेहमीचे विषय. या खेपेस विषय थोडा निराळा घेतला आहे. ऊसबिल खात्यावर जमा झाले की शेतकी गट कार्यालयात बेण्याच्या चौकशीइतकीच दुसरी एक चौकशी होते : "साहेब, घरच्यासाठी व्हॅन घ्यायची म्हणतोय. नवी घ्यावी का जुनी?" विचारणारा विश्वासाने विचारतो, म्हणून उत्तरही हिशेबाने दिले पाहिजे. वर्षभराच्या घामाचा पैसा एका दिवसात हातातून जातो आणि त्या गाडीत आपली बायका-पोरे, म्हातारे आईवडील बसणार असतात. तेव्हा हा विषय ऊस विकासाच्या बाहेरचा आहे असे आम्ही मानत नाही.

नाशिकला व्हॅन घेणे म्हणजे पंचवटीत एक फेरी आलीच. दिंडोरी रोडला मार्केट यार्ड आहे आणि पेठ रोडला प्रादेशिक परिवहन कार्यालय आहे. भाजीपाला यार्डात उतरवायचा, येता येता दोन-चार गाड्या बघायच्या, हा अनेकांचा शिरस्ता. बघायला हरकत नाही. पण बघण्याआधी खालील मुद्दे मनात पक्के करून जावे, एवढीच विनंती.

१. गाडीची थोडी वंशावळ

आपल्याकडे "व्हॅन" म्हटले की मारुतीचीच व्हॅन डोळ्यांपुढे येते. ही गाडी १९८४ साली बाजारात आली. १९८८ मध्ये तिला ओम्नी हे नाव मिळाले. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, चार गिअर, बाजूला सरकणारे दार आणि पोटात भरपूर जागा. वऱ्हाडापासून दवाखान्यापर्यंत आणि खताच्या पोत्यांपासून शाळेच्या मुलांपर्यंत तिने सगळे वाहिले. पस्तीस वर्षे चालून २०१९ मध्ये तिचे उत्पादन बंद झाले. सुरक्षिततेचे व धुराचे नवे नियम त्या जुन्या बांधणीला पेलणारे नव्हते.

मधल्या काळात, २००१ मध्ये, वर्सा नावाची मोठी व्हॅन आली. ती फारशी खपली नाही. तिच्याच बांधणीवर साधेपणा आणून जानेवारी २०१० मध्ये ईको आली आणि ती मात्र खेडोपाडी रुजली. नोव्हेंबर २०२२ मध्ये ईकोला नवे ११९७ सीसीचे इंजिन मिळाले. आज नवी घ्यायची म्हटली तर ईको आणि जुनी घ्यायची म्हटली तर ओम्नी किंवा ईको, असा हा मामला आहे. त्यापेक्षा मोठी म्हणजे अर्टिगा. तिचा विचार शेवटी करू.

२. लागण आणि खोडवा

नवी गाडी म्हणजे लागण. पूर्वमशागत, बेणे, सरी, सगळा खर्च आपला, पण पीक पहिल्या दिवसापासून आपल्या नजरेखाली. जुनी गाडी म्हणजे खोडवा. बेण्याचा आणि मशागतीचा खर्च वाचला, पण मुळे दुसऱ्याने वाढवलेली. खोडवा चांगला येतो की नाही हे मूळ लागण कशी होती आणि तोडणीनंतर आपण काय केले यावर ठरते. बुडखे जमिनीलगत छाटले, नांग्या भरल्या, पाचट ठेवले, खत वेळेवर दिले, तर खोडवा लागणीला पाठ दाखवत नाही. नुसता "फुकटचा ऊस" म्हणून सोडून दिला तर एकरी टनेज निम्म्यावर येते, हे आपण सगळे जाणतो.

दुसरा नियमही आपणास ठाऊक आहे. काणी किंवा गवताळ वाढ लागलेल्या फडाचा खोडवा कधीच ठेवू नये. आणि खोडव्याचा खोडवा, त्याचाही खोडवा, असे किती दिवस? एका टप्प्यावर नांगर घालावाच लागतो. हे तीन नियम जुन्या गाडीला जसेच्या तसे लागू पडतात. पुढचे सगळे विवेचन म्हणजे त्यांचाच विस्तार आहे.

३. किंमत निम्मी म्हणजे खर्च निम्मा नव्हे

विमा कंपन्या गाडीची किंमत ठरवताना घसाऱ्याचे एक कोष्टक वापरतात. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. म्हणजे विम्याच्या कागदावर तरी पहिल्या पाच वर्षांत गाडी निम्मी होते. त्यानंतर घसरण सुरू राहते, पण रुपयांत ती लहान असते. म्हणून तीन ते पाच वर्षांची गाडी घेणारा माणूस सगळ्यात मोठा घसारा पहिल्या मालकाच्या अंगावर टाकून मोकळा होतो. जुनी गाडी घेण्यामागचे खरे शहाणपण हेच.

आता उदाहरण पाहू. आकडे नमुन्यादाखल आहेत. आपण स्वतःचे आकडे घालून तपासावे. गाडी पाच वर्षे ठेवायची, वर्षाला १०,००० किलोमीटर चालवायची आणि पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरायचे.

नवी व्हॅन : रस्त्यावर येईपर्यंत ६,५०,०००. पाच वर्षांनी विकून ३,००,०००. म्हणजे वर्षाला
— घसारा ७०,०००
— विमा सरासरी १८,०००
— दुरुस्ती व सर्व्हिसिंग १०,०००
— पेट्रोल (लिटरला १६ किलोमीटर) ६५,६००
— अडकलेल्या पैशावरील व्याज, दर १० टक्के, ४७,५००
एकूण सुमारे २,११,००० रुपये.

पाच वर्षे जुनी व्हॅन : किंमत ३,२५,००० आणि घेतल्याबरोबर टायर, बॅटरी, नावबदल व किरकोळ कामे २५,०००. पाच वर्षांनी विकून १,२५,०००. म्हणजे वर्षाला
— घसारा ४५,०००
— विमा १०,०००
— दुरुस्ती २५,०००
— पेट्रोल (लिटरला १४ किलोमीटर) ७५,०००
— व्याज, जुन्या गाडीच्या कर्जाचा दर जास्त म्हणून १३ टक्के, ३०,९००
एकूण सुमारे १,८६,००० रुपये.

म्हणजे फरक वर्षाला २५,००० रुपये. किंमत निम्मी असूनही वर्षाचा खर्च फक्त आठव्या हिश्शाने कमी झाला! तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला २,८०० रुपये हातात पडतात असे धरले तर हा फरक नऊ टन उसाचा आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, जुनीतली बचत खरी आहे, पण ती पातळ आहे. इंजिन उघडण्याचे एक चाळीस हजारांचे काम निघाले की दीड वर्षाची बचत गेली. बचत होते ती तपासून घेणाराची. दुसरी गोष्ट, गाडी किती चालणार हे आधी ठरवा. आठवड्याला एक बाजार, महिन्याला एक दवाखाना आणि लग्नसराईत चार फेऱ्या, एवढेच काम असेल तर नवीत अडकलेला पैसा उभाच राहतो. तेथे जुनी परवडते. रोज साठ-सत्तर किलोमीटर धावणार असेल, तर जादा पेट्रोल आणि वाढती दुरुस्ती जुनीची बचत खाऊन टाकतात.

सीएनजीचा पंप जवळ असेल त्यांनी त्याचाही विचार करावा. नव्या इंजिनाच्या ईकोला कंपनीने जाहीर केलेला आकडा पेट्रोलवर लिटरला १९.७१ आणि सीएनजीवर किलोला २६.७८ किलोमीटर असा आहे. हे चाचणीतले आकडे. माणसे, सामान आणि आपले रस्ते धरून प्रत्यक्षात कमीच मिळते, म्हणून आम्ही वर १६ धरले. सीएनजीची टाकी मागची जागा खाते, हेही ध्यानात असावे.

नवी घेणाऱ्यांसाठी एक अनुकूल गोष्ट : २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या व १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल-सीएनजी गाड्यांवरील जीएसटी २८ टक्के अधिक उपकर यावरून १८ टक्क्यांवर आला. ईको या गटात बसते. नवीची किंमत उतरली की जुनीचीही उतरायला हवी. म्हणून जुनी गाडी विकणारा कपात होण्यापूर्वीचा भाव सांगत असेल तर त्यास नव्या गाडीचे लेखी कोटेशन दाखवावे.

४. साल पाहून गाडी ओळखा

उसाची जात आणि लागणीची तारीख माहीत नसताना आपण फडाचा अंदाज बांधत नाही. गाडीचेही तसेच. आरसी बुकावर उत्पादनाचा महिना व वर्ष लिहिलेले असते. त्यावरून पुढील गोष्टी समजतात.

(अ) २०१९ च्या मध्यापूर्वीची गाडी : बहुतेक व्हॅनमध्ये एअरबॅग नाही. ओम्नीत चालकाचे पाय जवळजवळ समोरच्या पत्र्याला लागतात. समोरून धडक बसली तर मध्ये झेलायला काही नाही. ग्लोबल एनकॅप या संस्थेने मे २०१६ मध्ये एअरबॅग नसलेल्या ईकोची टक्कर-चाचणी केली, तेव्हा मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी तिला शून्य तारे मिळाले.

(आ) एप्रिल २०१९ पासून एबीएस ब्रेक, आणि १ जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग, पट्ट्याची आठवण देणारा आवाज, वेगाचा इशारा व मागे घेताना लागणारे सेन्सर, हे सर्व सक्तीचे झाले.

(इ) १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंजिन.

(ई) जानेवारी २०२२ पासून चालकाशेजारी बसणाऱ्यासही एअरबॅग.

(उ) १ एप्रिल २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल सोसणारे सुटे भाग. याबद्दल पुढे सविस्तर.

(ऊ) २०२५ पासून ईकोमध्ये सहा एअरबॅग. त्याच वेळी सात आसनांऐवजी सहा आसनांची गाडी आली.

ही पायरी-पायरीची यादी कापून ठेवावी. कुटुंबासाठी जुनी गाडी घ्यायची तर जुलै २०१९ च्या अलीकडची घ्यावी आणि शक्य असेल तर जानेवारी २०२२ नंतरचीच पाहावी, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे. वर काढलेला नऊ टनांचा फरक पुन्हा आठवा. दोनऐवजी सहा एअरबॅग, कंपनीची वॉरंटी आणि अर्ध्या रस्त्यात बंद न पडण्याची बरीचशी खात्री यासाठी नवी गाडी घेणारा वर्षाला नऊ टन ऊस मोजतो. ज्याच्या घरी लहान मुले आहेत आणि ज्याला महामार्गावरून वरचेवर जावे लागते, त्याला हा सौदा महाग वाटू नये.

ओम्नीबद्दल अनेकांना माया आहे, आम्हालाही आहे. को ७४० जातीनेही महाराष्ट्राच्या फडांवर कित्येक वर्षे राज्य केले, पण काणीपुढे ती टिकेना आणि को ८६०३२ आल्यावर आपण तिला निरोप दिला. उपकार विसरायचे नसतात, म्हणून बेणे तेच लावत बसायचे असेही नसते. लाखभरात मिळणारी बारा-चौदा वर्षांची ओम्नी म्हणजे खोडव्याच्या खोडव्याचा खोडवा. कुटुंबाच्या प्रवासासाठी ती घेऊ नये.

५. आपलाच ऊस, आपलीच टाकी

हा मुद्दा इतर कोणत्याही खरेदीदारापेक्षा आपणास जवळचा आहे. कारखान्यांच्या मळीपासून आणि रसापासून होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते. २०१४ मध्ये देशात हे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास होते. २०२५ मध्ये ते २० टक्क्यांवर पोहोचले. आपल्या उसाला त्यामुळे एक आधार मिळाला, हे खरेच. पण सभासद म्हणून जे चांगले ते गाडीमालक म्हणून समजून घेतले पाहिजे.

इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने ऊर्जा सुमारे एक-तृतीयांश कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटले आहे की, ज्या चारचाकी शुद्ध पेट्रोलसाठी बनवून दहा टक्के मिश्रणासाठी जुळवल्या, त्यांचे सरासरी ॲव्हरेज वीस टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल. ज्या दहा टक्क्यांसाठी बनवून वीस टक्क्यांसाठी जुळवल्या, त्यांचे १ ते २ टक्क्यांनी घटेल. शिवाय इथेनॉल ओलावा ओढते आणि जुन्या रबरी नळ्या, वॉशर, गॅस्केट यांना ते मानवत नाही.

म्हणून एप्रिल २०२३ पूर्वीची व्हॅन घेतली तर पेट्रोलच्या नळ्या व सील मिस्त्रीकडून एकदा तपासून घ्यावेत आणि तडा दिसला तर लगेच बदलावेत. फार जुनी गाडी महिनोन् महिने वस्तीवर उभी ठेवू नये. आठवड्यातून एकदा तरी चालवावी. हा खर्च जुन्या गाडीच्या हिशेबात आधीच धरावा.

६. जुनी गाडी तपासताना

मिस्त्री आपल्या ओळखीचा न्यावा, विकणाऱ्याचा नको. गाडी दिवसा उजेडी पाहावी आणि इंजिन थंड असताना सुरू करायला सांगावे. आधीच तापवून ठेवलेले इंजिन बरेच काही लपवते.

धूर : निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर पाणी आत जात असण्याची शक्यता. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जाते.

इंजिन : व्हॅनचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. सीट उचलून ऑइलची गळती, ओबडधोबड वेल्डिंग आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी पाहाव्यात. गोठ्याशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीला उंदीर हा मोठा रोग आहे.

पत्रा : सरकत्या दाराची पट्टी, मागच्या चाकांवरची कमान आणि तळाचा पत्रा बोटाने दाबून पाहावा. ज्या व्हॅनमधून युरियाची पोती वाहिली गेली, तिचा तळ आतून गंजलेला असतो. वरून नवे मॅटिंग टाकले की दिसत नाही. मॅटिंग उचलायला संकोच करू नये.

पुराचे पाणी : नाशिककरांना हे सांगायला नको. रामकुंडाशेजारच्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आले, यावर गोदावरीचा पूर मोजणारे आपण लोक. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये गोदाकाठाला पुराने वेढले होते. अशा पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून पुढे विकल्या जातात, आपल्याकडे आणि दुसऱ्या शहरांतही. ओळख अशी : सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढावा, शेवटच्या हातभर भागावर मातीची रेघ असेल तर समजावे. सीट ज्या रुळावर सरकते तो रूळ गंजलेला, दिव्यांच्या काचेत आतून वाफ, गालिच्याखाली बारीक गाळ आणि कुबट वास, ही दुसरी लक्षणे. अशी गाडी म्हणजे काणी लागलेला फड. कितीही स्वस्त असो, हात लावू नये.

किलोमीटर : मीटरचा काटा मागे फिरवता येतो, पेडलचे रबर मागे फिरत नाही. चाळीस हजार किलोमीटर सांगणाऱ्या गाडीचे क्लच-ब्रेकचे रबर गुळगुळीत आणि स्टेअरिंग चकचकीत झाले असेल तर सर्व्हिसची पावती मागावी. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. टायर पाच-सहा वर्षांचे असतील तर नव्यांची किंमत व्यवहारातून वजा करून मागावी.

गॅस : घरगुती सिलिंडरमधून भरायची चोरटी टाकी ज्या व्हॅनला बसवलेली आहे किंवा होती, ती नाकारावी. हा गुन्हा तर आहेच, शिवाय गॅस भरताना भडका उडून माणसे दगावल्याच्या घटना महाराष्ट्रात घडल्या आहेत. अधिकृत सीएनजी असेल तर त्याची नोंद आरसी बुकात हवी आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी दाब-चाचणी झालेली हवी.

पूर्वीचा वापर : पंचवटीहून त्र्यंबकेश्वर आणि शिर्डीच्या फेऱ्या करणारी गाडी वर्षात घरगुती गाडीच्या कितीतरी पट पळते. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवणे नियमात बसत नाही, पण चालवली जाते. पुढे २०२७ च्या सिंहस्थासाठी खरेदी केलेल्या बऱ्याच गाड्या सिंहस्थ उरकला की बाजारात येतील. त्या वेळी साल नवे दिसेल, पण चाक म्हातारे असेल. त्या हंगामात वरील तपासणी दुप्पट कसून करावी.

७. कागदपत्रे : गाडीचा सातबारा

जमीन घेताना आपण सातबारा पाहतो, बोजा पाहतो आणि फेरफार होईपर्यंत स्वस्थ बसत नाही. गाडीला मात्र किल्ली हातात आली की व्यवहार झाला असे समजतो! आरसी बुक हाच गाडीचा सातबारा. त्यावरचा चेसिस व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकाशी स्वतः ताडून पाहावा. बँकेचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ घेऊन तो आधी उतरवून घ्यावा. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून विमा, नोंदणीची मुदत आणि थकलेली ई-चलने पाहता येतात. हे काम घरातला शाळकरी मुलगाही करून देईल. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरपाटी बसवली आहे का, तेही पाहावे.

नावबदल म्हणजे फेरफार. नमुना २९ व ३०, ज्यांस लोक टी.टी. फॉर्म म्हणतात, नुसते सह्या करून खिशात ठेवू नयेत. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचे असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंद करून घ्यायची असते. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. पूर्वीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो.

हा मुद्दा गाडी विकणाऱ्या सभासदांसाठी अधिकच महत्त्वाचा. नोंद ज्याच्या नावावर तोच कायद्याने मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. गाडी विकली, पैसे खाल्ले, पण नाव आपलेच राहिले आणि पुढच्याने अपघात केला, तर भरपाईची नोटीस आपल्या दारात येते. त्यापायी शेत विकायची पाळी येऊ नये.

वय : खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी ती वाढवता येते. त्याची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी १०,००० रुपये झाली. पर्यावरण कर वेगळा. लाखभराच्या गाडीला हा खर्च किती जड होतो ते पाहावे.

परराज्यातील गाडी : पेठ-सुरगाण्यापलीकडे गुजरात लागते, त्यामुळे तिकडच्या पाटीच्या गाड्या आपल्याकडे स्वस्तात दाखवल्या जातात. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये हरित लवादाने बंदी आणल्यापासून तिकडच्याही येऊ लागल्या. अशी गाडी महाराष्ट्रात आणायची तर मूळ कार्यालयाचे ना-हरकत, येथे नव्याने नोंदणी आणि येथील कर, हे तिन्ही लागतात. तो सगळा खर्च मिळवल्यावर गाडी स्वस्त उरते का, हे पाहूनच बयाणा द्यावा.

८. नवी ईको की जुनी अर्टिगा?

हाही प्रश्न हल्ली पुष्कळ येतो, कारण दोन्हींची किंमत सारखी होते. अर्टिगा एप्रिल २०१२ मध्ये आली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये तिची दुसरी, सुधारित पिढी आली. घरात सहा-सात माणसे आणि लांबचा प्रवास वरचेवर, असे असेल तर २०१८ नंतरची, एका हाताची, सर्व्हिसच्या पावत्या असलेली पेट्रोल किंवा सीएनजी अर्टिगा हा चांगला खोडवा आहे. या पिढीला किमान दोन एअरबॅग व एबीएस आहेत. २०१९ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत, त्या वेळच्या निकषांनुसार, तिला तीन तारे मिळाले. डिझेलची अर्टिगा २०२० नंतर बनलेली नाही, म्हणजे ती आता पाच वर्षांपेक्षा जुनीच असणार. तिची दुरुस्तीही खर्चाची. रोजचा पल्ला मोठा नसेल तर डिझेलच्या मोहात पडू नये.

मात्र माणसे चार-पाच, आणि अधूनमधून भाजीच्या जाळ्या किंवा ठिबकच्या नळ्या टाकायच्या, अशांना ईकोच सोयीची. जाळ्या टाकताना आसने काढून ठेवू नयेत आणि पाच आसनांत दहा माणसे कोंबू नयेत. पट्टा आणि एअरबॅग ही मोजून बसवलेली असतात. अकराव्या पाहुण्यासाठी त्यात काही नसते.

९. पैसा कोठून आणायचा

उसाचा पैसा वर्षातून एक-दोनदा येतो, गाडीचा हप्ता मात्र बारा वेळा येतो. इथेच पुष्कळ संसार अडखळतात. बँकेशी किंवा पतसंस्थेशी बोलताना सहामाही किंवा वार्षिक हप्ता मिळतो का, हे आधी विचारावे. दुधाचा किंवा नोकरीचा मासिक पैसा घरात येत नसेल तर मासिक हप्त्याचे कर्ज उसाच्या भरवशावर उचलू नये. आणि सोसायटीचे पीककर्ज गाडीत कधीच घालू नये. त्या पैशावर पुढच्या हंगामाचे बेणे आणि खत उभे असते. गाडी दारात आणि फड उपाशी, असा फड पुढच्या वर्षी गाडीचा हप्ताही देत नाही.

आमचे एक साधे माप आहे. गाडीची सगळी किंमत टनात मांडावी. साडेसहा लाखांची नवी म्हणजे वरील दराने २३२ टन. साडेतीन लाखांची जुनी म्हणजे १२५ टन. एकरी ४० टनांनी पहिलीला पावणेसहा एकरांचा पूर्ण ऊस लागतो, दुसरीला तीन एकरांपेक्षा थोडा जास्त. घरच्या क्षेत्राशी हा आकडा ताडून पाहिला की निम्मा निर्णय आपोआप होतो.

थोडक्यात

१) वापर थोडा, भांडवल कमी आणि तपासणारा मिस्त्री विश्वासाचा असेल : तीन ते पाच वर्षांची, जुलै २०१९ नंतरची, एका हाताची गाडी घ्यावी.
२) रोजचा वापर, महामार्गाचा प्रवास आणि घरात लहान मुले असतील : नवी घ्यावी.
३) बारा वर्षांपुढची ओम्नी : कुटुंबासाठी घेऊ नये.
४) पुराची, चोरट्या गॅसची, बोजाची किंवा नाव न बदललेली गाडी : कोणत्याही किमतीला नको.
५) पीककर्जाला हात लावू नये.

दसरा-पाडव्याचा मुहूर्त साधावा, काळारामाच्या दारी नारळही फोडावा. पण मुहूर्त गाठायचा म्हणून तपासणी टाळू नये. चार दिवस उशिरा घेतलेली चांगली गाडी पुढे दहा वर्षे साथ देते. ज्या सभासदांना वरील हिशेब स्वतःच्या आकड्यांनी करून पाहायचा असेल, त्यांनी गट कार्यालयात कागद-पेन्सिल घेऊन यावे. आपले कर्मचारी मांडणी करून देतील. येताना खोडव्याच्या नांग्या भरल्या की नाही तेही सांगावे, कारण गाडीचा पैसा शेवटी तिथूनच यायचा आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी